जर्मिनल : खाणीतली मुले आणि पुस्तके



फ्रेंच लेखक एमिल झोला यांनी एकाच घराण्याच्या निरनिराळ्या शाखांवर १८७१ ते १८९३ या काळात वीस कादंबऱ्या लिहिल्या. ‘जर्मिनल’ ही त्यांतली तेरावी. ती १८८५ साली पुस्तकरूपाने आली. त्याआधी, १८८४ मध्ये, उत्तर फ्रान्समधील आंझँ येथे कोळसा कामगारांचा संप चालू असताना झोला तेथे गेले आणि स्वतः खाणीत उतरले.

कादंबरीत माहू नावाचे कुटुंब आहे. सात मुले. पंधरा वर्षांची कॅथरीन कोळशाची गाडी ढकलते, अकरा वर्षांचा जानलँही खाणीत जातो. आजोबा आठ वर्षांचेही नव्हते तेव्हा खाली उतरले. आता खोकला आला की त्यांची थुंकी काळी पडते. हे आईबाप निर्दय नाहीत. मुलांची मजुरी थांबली की चूल थांबते, एवढेच. पुढे संप होतो. नऊ वर्षांची मुलगी उपासमारीने जाते, बाप गोळीबारात मरतो, कॅथरीन खाणीतच प्राण सोडते आणि शेवटी आई स्वतः खाणीत उतरते.

विद्यार्थी मित्रांनो, संपाचा पुढारी एत्येन याच्याकडे लक्ष द्या. त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटते. तो मिळेल ते पुस्तक वाचतो. पण शिकवणारा कोणी नाही, वाचनाला क्रम नाही. वाचलेले अर्धेच पचते. त्याच्या शब्दाने हजारो माणसे उठतात, पण चिडलेला जमाव त्याला आवरता येत नाही. त्याची तळमळ खरी होती, तयारी अपुरी होती.

कथेचा काळ १८६६-६७ चा आहे. फ्रान्समध्ये १८७४ च्या कायद्याने स्त्रियांना व मुलींना खाणीत उतरवण्यास बंदी झाली. १८८१ मध्ये सरकारी शाळांतले प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. माहूंच्या मुलांना यातले काहीच मिळाले नव्हते.

जर्मिनल हा फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातला वसंताचा महिना, अंकुर फुटण्याचा. १९०२ मध्ये झोलांच्या अंत्ययात्रेत खाणकामगारांनी याच नावाचा घोष केला होता.

पालकहो, घरची ओढाताण मला ठाऊक आहे. मुलाने आणलेले चार पैसे आज उपयोगी पडतात, हेही खरे. तरीही मुलाला, आणि मुलीलाही, मध्येच शाळेतून काढण्यापूर्वी एकदा आम्हा शिक्षकांकडे या. फी, पुस्तके, वेळ, जी अडचण असेल ती मोकळेपणाने सांगा. बसून मार्ग काढू.