माळ किती फुलांची?



उन्हात पडून राहिलेली प्लॅस्टिकची नळी उचलावी, जरा वाकवावी आणि ती कडकन मोडावी, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. घेतली तेव्हा ती चिवट होती. दिसायला आजही तशीच आहे. मग बदलले काय?

पॉलिथिनची नळी अतिसूक्ष्म माळांची बनलेली असते. एथिलीन वायूचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की पॉलिथिनची एक माळ होते. अशा पदार्थाला बहुवारिक म्हणतात. एवढे लांब रेणू असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा भल्या भल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. पुढे १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लांब माळा एकमेकींत गुंततात, म्हणून नळी चिवट होते. उन्हाने माळा तुटल्या की गुंता सैल पडतो आणि नळी ठिसूळ होते.

तेव्हा माळेची लांबी, म्हणजेच तिचा रेणुभार, कळला पाहिजे. पण जी डोळ्यांना दिसत नाही ती मोजायची कशी?

या रीतीचे नाव आहे जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफी. नावाला भिऊ नका. आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. एका टोकाकडून बैलगाडी निघाली आणि तिच्याबरोबरच एक पोरगा निघाला. गाडी बोळात शिरत नाही, सरळ पुढे जाते. पोरगा दिसेल त्या बोळात शिरतो आणि परत येतो. दुसऱ्या टोकाला आधी कोण पोचेल? गाडीच!

यंत्रात पोलादी नळी असते. तिच्यात जेलचे बारीक मणी ठासून भरलेले असतात आणि प्रत्येक मण्याला सूक्ष्म छिद्रे असतात. प्लॅस्टिकचा कणभर तुकडा द्रवात विरघळवून तो द्रव या नळीतून सोडतात. पॉलिथिन हट्टी, त्यासाठी द्रव सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. विरघळलेली माळ लोकरीच्या गुंड्यासारखी होते. मोठा गुंडा छिद्रात मावत नाही, तो आधी बाहेर येतो. लहान गुंडा छिद्रांत रेंगाळतो आणि मागून येतो. आपल्या चाळणीतून बारीक आधी पडते, इथे सारे उलटे! केव्हा किती माल बाहेर आला, याचा आलेख यंत्र काढते.

१९५९ साली स्वीडनमधील पोराथ आणि फ्लोडिन यांनी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांसाठी अशी रीत दाखवली. १९६४ साली अमेरिकेतील डाऊ कंपनीच्या जे. सी. मूर यांनी ती प्लॅस्टिकच्या कामी आणली.

मात्र एक लक्षात ठेवा. हे यंत्र तराजू नव्हे. लागलेल्या वेळावरून त्याला गुंड्याचे आकारमान तेवढे कळते. म्हणून रेणुभार ठाऊक असलेल्या पॉलिस्टायरीनच्या माळा आधी सोडून माप ठरवतात. तेच माप दुसऱ्या प्लॅस्टिकला जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकते. त्यात दुरुस्ती करावी लागते.

शिक्षक मित्रांनो, आता वर्गात घेण्याजोगे एक गणित सांगतो. एका टोपलीत ५० फुलांच्या १० माळा आहेत. दुसरीत १० फुलांच्या ५ आणि ९० फुलांच्या ५. दोन्हीकडे फुले ५००, सरासरी माळ ५० फुलांची. पण दुसऱ्या टोपलीत डोळे मिटून एका फुलाला हात लावा. ५०० पैकी ४५० फुले लांब माळांतली! अशा प्रत्येक फुलाची माळ मोजून सरासरी काढली तर ती ८२ येते. ८२ ला ५० ने भागले की १.६४. पहिल्या टोपलीत हाच भागाकार १ येतो. तो १ पासून जितका दूर, तितका माल विषम. नुसत्या सरासरीने हे लपले असते. यंत्राचा आलेख ते उघड करतो.

नव्या आणि उन्हाने तुटलेल्या नळीचे आलेख शेजारी ठेवले, तर तुटलेल्या नळीचा माल मागून, म्हणजे आखूड माळांच्या बाजूला सरकलेला दिसतो. शेतकरी बंधूंनो, हे यंत्र आपल्या घरी येणार नाही. पण त्याने शिकवलेले शहाणपण घरी येऊ शकते. ठिबकची काळी नळी काळी असते ती उगीच नव्हे. तिच्यातली बारीक काजळी ऊन अडवते. नळी घेताना मानक चिन्ह पाहा आणि काम नसेल तेव्हा ती गुंडाळून सावलीत ठेवा. माळ तुटली नाही, तर पाणी रोपापर्यंत पोचेल.