बिघडलेल्या कचेरीत नोकरी सांभाळताना

(संस्थेच्या इस्लापूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



नोकरी कशी मिळवावी यावर आपल्या मेळाव्यांतून पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. किनवट तालुक्यातल्या आपल्या गावांत एक पोरगा नोकरीला लागला की अख्ख्या वस्तीला आधार वाटतो. परंतु ज्या कचेरीत आपण रुजू झालो ती कचेरीच बिघडलेली निघाली तर काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. साहेब तोंडी हुकूम देतात आणि चूक निघाली की हात झटकतात. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे. कोण कोणाच्या गटातला, यावर टेबल ठरते. अशा ठिकाणी आपला माणूस एक तर निमूटपणे सोसत राहतो, नाही तर एके दिवशी संतापून राजीनामा देतो आणि घरी येऊन बसतो. या दोहोंच्या मधली वाट कोणती, एवढेच आज मला सांगायचे आहे.

ही वाट बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. त्या बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते बडोद्याला रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा अधिकारी, पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून फेकीत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. मित्रांनीही आसरा दिला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी तो दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो आणि आपले डोळे भरून येतात. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली होती. बडोदा सुटले, पण तो दरवाजा उघडा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ती नोकरी मात्र त्यांनी लगेच सोडली नाही. इतर कॉलेजांतले विद्यार्थी ऐकायला येत, असे ते शिकवत. पगारातून पैसा शिल्लक टाकला. १९२० साली स्वतः ठरवलेल्या वेळी राजीनामा दिला. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन मुदतीच्या आत ते लंडनला पोचले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. नवल भथेना पारशी होते, हेही ध्यानात ठेवा. धर्मशाळेतल्या अनुभवावरून त्यांनी सगळ्या समाजाला एका मापाने मोजले नाही.

म्हणजे जिथे जिवावर बेतले ते ठिकाण त्यांनी सोडले. जिथे अपमान होता पण पुढची वाट होती, तिथे वाट पुरी होईपर्यंत ते टिकले. कधी राहायचे आणि कधी जायचे हे त्यांनी आपल्या ध्येयावरून ठरवले, कचेरीतल्या माणसांवर सोडले नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका शाखेत असताना साहेबांनी माझा संगणकाचा पासवर्ड मागितला. गर्दी आहे, नोंदी मी करून घेतो, असे म्हणाले. पासवर्ड कोणालाही द्यायचा नसतो हे मला ठाऊक होते. तरी दिला. ‘आरक्षणातून आलेला आहे, कामाला नको’ असे कोणी म्हणू नये, ही मनात भीती. पुढे तपासणीत एक नोंद चुकीची निघाली. नोंदीवर माझे नाव होते. खुलासा मागवला गेला. तोंडी हुकमाचा पुरावा कुठून आणणार? माझी एक वेतनवाढ रोखली गेली.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. सकाळी आमच्या शाखेतल्या दफ्तरी मामांनी तो वाचला आणि म्हणाले, “दादा, कप्प्यात ठेवा. आठ रोजानं पुन्हा वाचा. तवाबी असंच वाटलं तर मीच नेऊन देतो.” आठ दिवसांनी मी तो वाचला आणि फाडला. पुढे जे.ए.आय.आय.बी. ही बँकेची परीक्षा पास झालो, तिची एक वेतनवाढ मिळाली. एक गेली, एक कमावली. पण मामा नसते तर आज मी तुमच्यापुढे कोण म्हणून उभा राहिलो असतो, सांगता येत नाही.

भगवान बुद्धांना एका ब्राह्मणाने येऊन शिव्या दिल्या, ती कथा आपण ऐकली आहे. पाहुण्याने वाढलेले अन्न घेतले नाही तर ते यजमानाकडेच राहते, तशी मी न स्वीकारलेली शिवी तुझ्याकडेच राहिली, असे तथागत म्हणाले. नोकरदाराने एवढेच जोडावे की शिवी मनात घेऊ नये, पण तिची नोंद अवश्य घ्यावी.

नोंद म्हणजे काय? तोंडी हुकूम झाला की नम्रपणे एक ओळ लिहून पाठवा : “आपण सांगितल्याप्रमाणे हे काम करीत आहे.” घरी एक वही ठेवा आणि तारीख, वेळ, काय घडले, कोण हजर होते, ते त्याच दिवशी लिहा. मात्र कचेरीची कागदपत्रे किंवा ग्राहकांची माहिती घरी आणू नका, तो उलट आपल्यावरच दोष येतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. सरकारी बँकांत अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी असतो, युनियन असते, आणि त्यापुढे अनुसूचित जातींसाठी संविधानाच्या ३३८ व्या कलमाखालचा राष्ट्रीय आयोग आहे. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात सांगितले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचाही आधार आहे. भगिनींसाठी २०१३ चा कायदा आहे. त्याखाली तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

कंत्राटी कामावर असलेल्या मुलांनी पगाराची पावती, नेमणुकीचे पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक जपून ठेवावा. नोकरी सोडायचीच असेल तर दुसरीचे पत्र हातात आल्यावर, नोटिशीची मुदत भरून, कार्यमुक्तीचे पत्र घेऊन सोडावी.

आणखी एक. साहेबावरचा राग काउंटरवर काढू नका. तांड्यावरून सकाळी निघून पेन्शनसाठी रांगेत उभी राहिलेली म्हातारी आपल्या कचेरीचे राजकारण जाणत नाही. तिच्याशी आपण नीट बोललो तर सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका दोन्ही पाळल्या गेल्या. बिघडलेल्या जागी बसून आपणही तसेच झालो, तर नोकरी राहून काय उपयोग?

शेवटी संस्थेला एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, आपल्या नोकरदार सभासदांनी विहारात तासभर बसावे. ज्याला मेमो आला असेल त्याने तो घेऊन यावे. खुलासा एकट्याने रात्री लिहू नये, चार जाणत्यांनी वाचून मग द्यावा. मला एक मामा भेटले. प्रत्येकाला भेटतीलच असे नाही, म्हणून ते काम आता आपल्या संस्थेने करावे.