पिकवणाऱ्याच्या ताटात एकच भाजी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात आपण नेहमी भावाचं बोलतो. आज आम्ही ताटाचं बोलणार आहोत. विषय बदलला असं समजू नका. शेतातून बाजारात जे जातं त्याचा हिशेब आपण मांडतो. शेतातून चुलीपर्यंत जे येत होतं आणि आता येत नाही, त्याचा हिशेब कुणी मांडायचा?

मेळाव्याच्या तयारीला गावोगाव फिरताना आम्ही बायांना एकच प्रश्न विचारला : गेल्या आठ दिवसांत कोणकोणती भाजी केली? उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखं. बाजारच्या दिवशी वांगं, मग बटाटा, मग नुसती डाळ, पुन्हा बटाटा, शेवटी चटणी. मग म्हाताऱ्यांना विचारलं, तुमच्या सासूबाई काय करायच्या? त्या बोटं मोजू लागल्या. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरोटा, अंबाडी, चाकवत, करटुली, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला. बोटं संपली, नावं संपली नाहीत.

या भाज्या गेल्या कुठे? बाया खुरपणीला जायच्या तेव्हा परतताना ओटीत तांदुळजा असायचा. ज्वारीत अंबाडी, चवळी पेरलेली असायची. आता या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन, नाहीतर कपाशी. मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशक आलं. ते मारू नका असं सांगायला आम्ही उभे नाही. शेतीचा खर्च आम्हालाही ठाऊक आहे. पण तणाबरोबर फुकटची भाजीही जळाली, एवढं खर्चाच्या बाजूला लिहून ठेवा.

हा खर्च कोण भरतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याची कारणं अनेक आहेत, पण ताट हे त्यातलं एक मोठं कारण. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेलं पुसून जेवणारी बाई तुमच्या-आमच्याच घरात आहे.

एका भाजीत सगळं नसतं. पालेभाजीत लोह असतं. गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्या यांतून डोळ्यांना लागणारं 'अ' जीवनसत्त्व अंगात तयार होतं. लिंबू, आवळा, टोमॅटोत 'क' जीवनसत्त्व. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला तिच्यावर लिंबू पिळावं, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाही. आपल्या आठवड्यातून बटाटा वजा करा, काय उरतं ते बघा.

मग करायचं काय? मोरीचं सांडपाणी वाया जातं, तिथे अळू आणि शेवगा लावा. कुंपणावर दोडका, कारलं चढवा. चार वाफ्यांत पावसाळ्यात तांदुळजा, अंबाडी, गवार. हिवाळ्यात मेथी, चुका, चाकवत, मुळा. हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवा. बियाणं घरचं धरा. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असं गावरान बी सांभाळलं, आणि २०२० ची पद्मश्री त्यांच्या घरी आली.

भावांनो, हे काम आणखी एकदा बाईच्या डोक्यावर टाकू नका. आळं तुम्ही खणा, कुंपण तुम्ही करा, पाणी पोरांना घालू द्या. आणि तणनाशक मारताना बांधाकडेची एक पट्टी सोडा. फवारलेल्या रानातली भाजी मात्र खुडू नका. ओळख पटल्याशिवाय रानातला पाला शिजवू नका. आधी म्हातारीला दाखवा. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका. भाजी गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे.

जगाला खाऊ घालणाऱ्याच्या घरात बटाटा विकत यावा, ही शोभेची गोष्ट नाही. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक बहिणीने पदराच्या गाठीला एका भाजीचं बी बांधून आणावं आणि दुसरीचं घेऊन जावं. भाव मागायला आपण रस्त्यावर जाऊच. ही भाजी मात्र कुणाकडे मागायची नाही. तिला जमीन आपली, पाणी आपलं आणि हातही आपलेच.