‘एरर’ शब्दाचे मूळ



कापडाच्या बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ ही बारीक अक्षरे अनेकदा आढळतात. चुका व राहून गेलेल्या नोंदी वगळून, असा त्यांचा आशय. त्यांतील पहिले ‘ई’ म्हणजे ‘एरर्स’. हा शब्द लॅटिन ‘एरारे’ या क्रियापदाच्या कुळातला. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत स्थिरावला. परंतु त्याचा मूळ अर्थ अपराध वा असत्य नव्हे. ‘एरारे’ म्हणजे भटकणे! रोमन लोक ग्रहांना ‘भटके तारे’ म्हणत, तेही याच क्रियापदावरून. संस्कृतात ‘भ्रम्’ धातूपासून ‘भ्रमण’ व ‘भ्रम’ दोन्ही आले. धातू निराळे, विचार मात्र एकच. मराठी माणूसही हिशेबात चुकतो आणि वाटही चुकतो.

‘राँग’ या शब्दाची जात वेगळी. तो नॉर्स भाषेतून आला; मूळ अर्थ वाकडे, पिळवटलेले.

लेखापरीक्षणात चूक व अफरातफर यांतील भेद हेतूवरून ठरतो. नवख्या मुनीमाने ५४ च्या जागी ४५ लिहिले, तर मेळ ९ ने हुकतो. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. जाणता हिशेबनीस प्रथम तेच पाहतो. शेठजी मात्र पुष्कळदा आधी मुनीमाच्या खिशाकडे पाहतात, आणि प्रामाणिक मुलगा पेढी सोडून जातो.

मराठी हिशेबाच्या कागदांवर याच ठिकाणी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहीत. इंग्रजी अक्षरे बिल देणाऱ्याचा हक्क राखतात. मराठी वाक्यात घेणाराही आला.