भूखंड मोठे असावेत की घरे अधिक?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पुण्यानजीक धायरीच्या बाजूस मंडळाने घेऊन ठेवलेल्या २ एकर जागेचे काय करावे, याचा ऊहापोह सकाळपासून चालू आहे. ५ गुंठ्यांचे भूखंड पाडावेत व प्रत्येकाने टुमदार बंगला बांधावा, असे माझ्या आधीच्या वडीलधाऱ्या वक्त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले. प्रभात रस्त्यावरील जुन्या बंगल्यांचे जे चित्र त्यांनी रंगविले, त्याचा क्षणभर मलाही मोह पडला. तथापि त्या चित्रात माणसे किती मावतात, हे मोजणे अवश्य आहे.

आपली जागा ८० गुंठे. नियमाप्रमाणे १० टक्के, म्हणजे ८ गुंठे, मोकळे सोडावे लागतील. रस्त्यांस १६ गुंठे धरू. उरले ५६. ५ गुंठ्यांच्या मानाने ११ कुटुंबांची सोय होते आणि १ गुंठा शिल्लक राहतो. तेथे पहारेकऱ्याची खोली होईल! २ गुंठ्यांचे भूखंड पाडल्यास २८ कुटुंबे. मजल्यांची घरे बांधली आणि बांधकामाचा निर्देशांक केवळ १ धरला, तरी ८० गुंठ्यांवर सुमारे ८७,००० चौरस फूट बांधता येते. हजार फुटांचे घर धरले तर ८० हून अधिक कुटुंबे. मंडळाकडे ६० च्या वर नावे नोंदली गेली आहेत. ज्यांना भूखंड मिळेल ती ११ कुटुंबे कोणती असतील, हे मी सांगावयास नको. उरलेल्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, एकट्या कमावत्या भगिनी आहेत. त्यांनी कोठे जावे?

ते कोठे जातात, हे आपण त्याच धायरीत पाहतो. लहान भूखंडास कायद्याने मज्जाव केला म्हणजे लहान भूखंड होत नाहीत, ही समजूत अनुभवाने खोटी ठरली आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेती टिकविण्याचा, आणि तो चांगलाच होता. परंतु शहर वाढत शेतापर्यंत आले तेव्हा गरजू माणसाने गुंठा विकत घेतलाच. फक्त सात-बाराच्या उताऱ्यावर एकाच क्षेत्रात अनेकांची सामाईक नावे चढली, रेखांकन झाले नाही, आणि रस्ता म्हणून जो बोळ राहिला त्यात अग्निशामक गाडी वळत नाही. शेवटी शासनाला २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. घर नियमित झाले. बोळ रुंद झाला नाही.

दाटीची भीती बाळगणाऱ्यांना मी हसत नाही. धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली, पण इमारती नळाच्या आधीच उभ्या राहिल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गीयाँ-बारे आजाराची साथ उद्भवली व दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले, हे आपल्यापैकी कित्येकांनी जवळून पाहिले आहे. तेव्हा पाणी व मलनिःसारण यांची निश्चिती होण्यापूर्वी वीटही रचू नये, या मताचा मी आहे.

परंतु दाट घरे आणि घाण या दोन गोष्टी एक नव्हेत. माझे बालपण शनिवार पेठेतील वाड्यात, दोन खोल्यांत सात माणसांसह गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि वाडा गेला. पुढे आम्ही गोखलेनगरात पूरग्रस्तांच्या लहानशा घरात राहिलो. घर लहान होते. समोर मैदान होते. वाड्यात चौक होता, पण तो मालकाचा होता. आईला हा फरक इतका जाणवे की पाहुण्यांना ती घर दाखविण्याआधी मैदान दाखवी.

ज्ञातिबांधवांनी एकत्र येऊन घरे बांधावयाची, तर ती बंगलेच असली पाहिजेत, असेही नाही. सहकारी गृहनिर्माणाचे आद्य प्रवर्तक रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वतांची जी संस्था निघाली, तिने मध्यम स्थितीतील कुटुंबांसाठी मजल्यांच्या इमारतींत बिऱ्हाडे बांधली. आपण २०२० नंतरच्या नियमांच्या काळात त्याहून मागे का जावे?

म्हणून मूळ ठरावास माझी दुरुस्ती अशी आहे. प्रथम मोकळी जागा आखावी, ती ८ ऐवजी १२ गुंठे असावी, आणि कोपऱ्यातील निरुपयोगी त्रिकोणात न टाकता मध्यभागी एकसंध ठेवावी. सभोवार तळमजला व तीन मजले यांहून उंच इमारत नसावी. घरे ५००, ७५० व १,००० फूट अशी तीन मापांची असावीत, म्हणजे निवृत्त शिक्षकालाही एखादे परवडेल. ज्यांना भूखंडच हवा असेल त्यांच्यासाठी दक्षिणेकडील कडेस २ गुंठ्यांचे चार भूखंड ठेवण्यास माझी हरकत नाही; वडीलधाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे, आणि गुलाब त्यांनी लावले तर सुवास सर्वांनाच येईल.

आराखड्याची प्रत सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवली आहे. दुपारच्या मतदानापूर्वी तिच्यावर एकवार नजर टाकावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.