फिरता खर्ज आणि संगणक

तबल्याचें स्वतंत्र वादन ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें असेल त्यांना लेहऱ्याचें महत्त्व सांगावयास नको. पेटीवर किंवा सारंगीवर एकच लहानशी सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजत असते. तिच्यांत फरक होत नाहीं, आणि होत नाहीं म्हणूनच तबलावादकाची करामत श्रोत्यांच्या ध्यानांत येते. पाश्चात्त्य संगीतांत याच तत्त्वावर उभारलेला एक जुना प्रकार आहे. खालच्या पट्टींतील एक छोटी सुरावट अखेरपर्यंत पुनःपुन्हां वाजवावयाची आणि तिच्यावर निरनिराळ्या सुरावटी रचीत जावयाचें. इंग्रजींत तिला ‘ग्राउंड बेस’ म्हणतात; मराठींत तिला फिरता खर्ज म्हणतां येईल. लेहरा मुख्यतः काळाचें मोजमाप दाखवितो. फिरता खर्ज त्याखेरीज वरच्या स्वरमेळाची दिशाहि ठरवितो.

इंग्रज रचनाकार हेन्री पर्सेल याच्या ‘डिडो आणि ईनियस’ या संगीतिकेचा चेल्सी येथील मुलींच्या शाळेंतील प्रयोग १६८९ च्या सुमाराचा मानतात. तिच्या शेवटीं कार्थेजची राणी डिडो मरणापूर्वीं जो विलाप करिते, तो या प्रकाराचा सर्वमान्य नमुना होय. हिंदुस्थानी स्वरनामांत सांगावयाचें तर त्यांतील खर्ज षड्जापासून शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत अशा पायऱ्यांनीं पंचमापर्यंत उतरतो आणि मग वळसा घेऊन षड्जावर परत येतो. स्वरलिपींत उभ्या रेघांनीं जे सारखे भाग पाडतात त्यांना ‘बार’ म्हणतात. हा फेरा ५ बारांचा असून तो ११ वेळां होतो. तरीहि ऐकणाऱ्यास त्यांतील शिवण जाणवत नाहीं. गायिकेचें वाक्य पुष्कळदां खर्जाबरोबर सुरू होत नाहीं व त्याच्याबरोबर संपतहि नाहीं. खर्ज म्हणजे न टळणारें दैव आणि वरचा आवाज म्हणजे त्या दैवाखालीं जगणारें माणूस, असा अर्थ त्यांतून आपोआप निघतो. राणीचें गाणें थांबल्यावरहि खर्ज चालूच राहतो.

जर्मन रचनाकार योहान पाखेलबेल (१६५३-१७०६) याच्या ‘कॅनन’मधील युक्ति निराळी आहे. सा, प, ध, ग, म, सा, म, प अशा आठ स्वरांचा खर्ज तेथें २८ वेळां फिरतो आणि तीन व्हायोलिनें एकच सुरावट एकेका फेऱ्याच्या अंतरानें एकामागून एक वाजवितात. त्यामुळें नवी कल्पना येते तेव्हां मागील दोन कल्पना अजून कानांत असतात. बाखच्या सी मायनरमधील ऑर्गनच्या ‘पासाकालिया’ंत आठ बारांच्या विषयावर २० प्रकार रचलेले आहेत, आणि मध्यें तो विषय खालची पट्टी सोडून वरच्या आवाजांतहि जातो.

या सर्वांतलें मर्म असें कीं, खर्जाचा स्वर तोच असला तरी त्यावरचा मेळ तोच असावा लागत नाहीं. खालीं षड्ज असतां वर गंधार व पंचम ठेवले तर षड्ज हा त्या मेळाचा मूळ स्वर होतो. मध्यम व धैवत ठेवले तर तोच षड्ज दुसऱ्या मेळाचा पंचम ठरतो. गंधार व धैवत ठेवले तर तो तिसऱ्या मेळाचा मधला स्वर होतो. एका स्वराचे हे तीन अर्थ ज्याला साधले त्याला खर्जाची अडचण वाटत नाहीं.

आज हें काम बहुधा संगणकावर होतें. वाद्यें व संगणक यांचा परस्परांशीं व्यवहार व्हावा म्हणून १९८३ सालीं ‘मिडी’ नांवाचा संकेत प्रचारांत आला. त्यांत ध्वनि नसतो. कोणता स्वर, किती जोरानें दाबला, केव्हां सोडला, अशा सूचना असतात. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असून पियानोच्या मध्य ‘सी’चा क्रमांक ६० आहे. पडद्यावर स्वर म्हणजे एक आडवी पट्टी होते: तिची उंची स्वर दाखविते, लांबी काळ दाखविते. खर्ज एकदां भरून ‘लूप’ची आज्ञा दिली कीं यंत्र तो न थकतां फिरवीत राहतें. ‘म्यूझस्कोअर’सारखें स्वरलेखनाचें साधन फुकट मिळतें आणि लिहिलेलें तत्काळ ऐकवितें. पूर्वीं चार वादक जमविल्यावांचून जें ऐकावयास मिळत नसे, तें विद्यार्थ्याला आतां घरबसल्या ऐकतां येतें. हा लाभ लहान नव्हे.

परंतु पुनरावृत्तीचे श्रम नाहींसे झाले कीं तिची जबाबदारीहि संपल्यासारखी वाटते. खर्जाबरोबर वरची सुरावटहि उचलून पुढें चिकटविली जाते. पडद्यावर रेघांचे गट चार-चारांचे असले म्हणजे हातहि वाक्य नेमकें त्या रेघेवर थांबवितो. खर्ज संपला, वाक्य संपलें, नवें वाद्य आलें. तिसऱ्या फेऱ्यापासून पुढें काय येणार हें श्रोत्याला कळून चुकतें. ‘क्वांटाइझ’ ही आज्ञा तर पुढेंमागें पडलेला प्रत्येक स्वर जवळच्या रेघेवर ओढून बसविते. पर्सेलच्या काळीं खर्ज वाजविणारा माणूस होता. अकरावा फेरा हुबेहूब पहिल्यासारखा वाजविणें त्याला शक्य नव्हतें आणि इष्टहि नव्हतें.

म्हणून अभ्यासकानें प्रथम यंत्र बंद ठेवून खर्ज गाऊन पहावा. जो गातांना मनांत ठरत नाहीं तो फिरविण्याजोगा नाहीं असें समजावें. त्याची लांबी पांच किंवा सात बारांची धरावी, म्हणजे चारांची संवय मोडते. वरचें पहिलें वाक्य दुसऱ्या बारांत सुरू करून पुढच्या फेऱ्यांत न्यावें. खर्जाच्या प्रती केल्यावर प्रत्येक प्रत स्वतंत्र उघडून स्वरांचा जोर थोडाथोडा बदलावा. एका फेऱ्यांत खर्ज वरच्या वाद्याकडे द्यावा. एका फेऱ्यांत वर कांहींच ठेवूं नये. शेवटीं पडदा झांकून संपूर्ण रचना ऐकावी आणि जेथें शिवण ऐकूं येते त्या जागा कागदावर टिपाव्या.

यंत्राला थकवा नाहीं, म्हणून कंटाळाहि नाहीं. कंटाळा माणसालाच येतो, आणि फिरत्या खर्जाची सारी विद्या त्या कंटाळ्याला उत्तर देण्यांतच खर्ची पडली आहे. स्वतःचा कान केव्हां कंटाळला हें जो रचनाकार प्रामाणिकपणें ओळखतो, त्याला हीं साधनें उत्तम मदतनीस ठरतील. ज्यानें ती खूण ओळखण्याचें कामहि यंत्रावर सोंपविलें, त्याचा खर्ज फिरत राहील, पण संगीत मात्र जागच्या जागीं उभें राहील.