आईबापांची काळजी आणि मुलांचें मन

(महोत्सवानिमित्त औसा येथें भरलेल्या पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आनंदाच्या प्रसंगीं चिंतेचा विषय काढणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु ज्या कुटुंबांनीं हा धर्मग्राम घडविला, त्यांच्या घरीं आज काय चाललें आहे हें पाहिल्यावांचून उत्सव अपुरा राहील असें आम्हांस वाटतें.

भीति म्हणजे काय हें औसा तालुक्यास शिकवावें लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली. आदल्या दिवशीं गणपतींचें विसर्जन करून लोक थकून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावरच कोसळल्या व सुमारें दहा हजार माणसें मेलीं. घरें पुनः बांधलीं गेलीं, पण भय ढिगाऱ्याबरोबर उचललें गेलें नाहीं. त्या वेळचीं लेंकरें आज स्वतः आईबाप आहेत.

भयाचा मुलांवर काय परिणाम होतो, हें दुसऱ्या महायुद्धांत बारकाईनें पाहिलें गेलें. लंडनवर बाँब पडत असतां ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनीं बालगृहें चालविलीं, आणि १९४३ सालीं आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. बाँबपेक्षां आईची ताटातूट मुलांस अधिक जाचते, व आई शांत राहिली तर मूल पुष्कळ सोसतें, असें त्यांस आढळलें.

आपणांकडे बाँब नाहींत. न येणारा पाऊस आहे, सोयाबीनचा भाव आहे, बँकेचा हप्ता आहे. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल? शिवाय लातूरच्या शिकवण्या आहेत. बाप मुलास म्हणतो, "तुझ्यासाठीं रान विकलें." बापाच्या मनीं तें प्रेम असतें, मुलाच्या कानीं तें कर्ज होऊन पडतें. सोळा वर्षांच्या पोरानें तें ठेवावें कोठें? झोंप उडते, भूक मरते, परीक्षेच्या सकाळीं पोटांत कळ येते. हें ढोंग नव्हे. भ्यालेल्या देहांत हृदय धांवतें व पचन मंदावतें, ही शरीराची रीतच आहे.

मुलें खचतील इतकें त्यांस बापांनीं डिवचूं नये, असें संत पौल कलस्सैकरांस बजावतो. आणि देवमाता पाहा. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनीं मंदिरांत सांपडला, तेव्हां तिनें आपली वेदना गिळून टाकली नाहीं, त्याजवर हातही उगारला नाहीं. आपणांस किती क्लेश झाले हें सांगितलें व कारण विचारलें. उत्तर तिला समजलें नाहीं, तरी तिघें एकत्र घरीं गेलीं. याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां घरांतली अडचण मुलांपासून लपवूं नये, पण तिचें ओझें त्यांच्या शिरीं देऊं नये. गुण विचारण्यापूर्वीं जेवलास का, हें विचारावें. रात्रीं जपमाळ झाल्यावर पंधरा मिनिटें हिशेब व अभ्यास यांखेरीज कांहीं बोलावें. बापानेंही झोंप घ्यावी. न निजलेला मनुष्य लहानशा कारणानें ओरडतो.

वैद्याकडे जाणें म्हणजे श्रद्धा उणी पडणें, असें कांहीं भाविक म्हणतात. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं; हाड मोडलें तर आपण केवळ प्रार्थना करीत बसत नाहीं. मूल जगण्यास कंटाळल्याचें बोललें तर तें हंसण्यावारी नेऊं नये, त्यास एकटें सोडूं नये. ऑक्टोबर २०२२ मध्यें सरकारनें 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक चर्चच्या दारावरील फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, अशी आमची धर्मगुरूंस विनंति आहे.